मळ्यावरची खोली म्हणजे उपचार नव्हे

प्रश्न : माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे. पुण्यात नोकरीला असताना मित्रांच्या संगतीने तो एमडी ही नशेची पावडर घेऊ लागला, हे त्याने स्वतःच मला सांगितले. आधी फक्त शनिवार-रविवार घेत होता, पुढे जवळजवळ रोज घेऊ लागला. नोकरी सुटल्यावर तो नाशिकला घरी परतला, पण इथेही त्याला माल मिळतो. वजन फार उतरले आहे. दोन-दोन रात्री जागा असतो आणि मग दिवसभर झोपून राहतो. रात्री झोप लागावी म्हणून गोळ्याही घेतो. त्याच्या गादीखाली रिकामी पाकिटे सापडली. आईच्या पाटल्या त्याने गहाण ठेवल्या आणि मामांनी एकदा त्याची उधारी फेडली. आता आई-बाबांनी ठरवले आहे की, त्याला निफाडजवळ मामांच्या मळ्यावर न्यायचे, मोबाइल काढून घ्यायचा आणि द्राक्षबागेतल्या खोलीत बाहेरून कडी लावून दोन महिने ठेवायचे. सुधारला की लगेच लग्न उरकायचे. व्यसनमुक्ती केंद्रात नेले तर नात्यागोत्यात बोभाटा होईल आणि पोलिसांचे शुक्लकाष्ठ मागे लागेल, अशी त्यांना भीती वाटते. मी सासरी असते. माझे मत कोणी विचारत नाही, पण हे बरोबर नाही असे मन सांगते. मी काय करावे?

उत्तर : ताई, तुमचे मन बरोबर सांगते आहे. घरातल्या सगळ्यांचे लक्ष एमडीवर खिळले आहे आणि ते स्वाभाविकही आहे, परंतु तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती गोळ्यांबद्दलच्या वाक्याची. ते तुम्ही जाता जाता लिहिले आहे, पण मळ्यावर नेण्याचा बेत आजच्या आज थांबवायला तेवढे एक वाक्य पुरेसे आहे.

एमडी घेणारे अनेक तरुण झोपेसाठी अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम यांसारख्या गोळ्यांच्या आहारी जातात, कारण एमडीने ताणलेले शरीर आपोआप झोपत नाही. कायद्याने या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरीही त्या मिळतात. मालेगावात ‘कुत्ता गोळी’ या नावाने ज्या गोळ्यांचा सुळसुळाट झाला, त्यात अल्प्राझोलामच असते. मेंदूला शांत ठेवणाऱ्या रसायनाचा परिणाम या गोळ्या वाढवतात. त्या रोज आणि वाढत्या प्रमाणात घेतल्या की मेंदू त्यांच्यावर विसंबून राहतो आणि स्वतःचा ब्रेक ढिला करतो. मग एके दिवशी गोळ्या एकदम बंद झाल्या, तर पहिल्या काही दिवसांतच हातपाय थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप पूर्ण उडते, नसलेले दिसू लागते आणि फिट येते. अशी फिट लागोपाठ येत राहिली तर माणूस दगावू शकतो. दारू किंवा एमडी सोडवण्याच्या भरात घरच्यांनी एखाद्याला कोंडून ठेवावे आणि तिसऱ्या दिवशी त्याला फेफरे यावे, असे प्रसंग या क्षेत्रात काम करणाऱ्या अनेकांनी पाहिले आहेत. मळ्यावरच्या खोलीत रात्री दोन वाजता हे घडले, तर बाहेरून कडी लावलेली असताना ते कळणार कोणाला?

म्हणून पहिले काम हे करा. भाऊ कोणती गोळी घेतो, किती मिलिग्रॅमची, दिवसाला किती आणि किती महिन्यांपासून घेतो, हे शोधून काढा. गादीखाली सापडलेली पाकिटे फेकू नका, पिशवीत घालून जपून ठेवा. मानसोपचारतज्ज्ञाला त्यांवरचे नाव आणि ताकद पाहूनच पुढचा निर्णय घ्यावा लागेल. भरलेले पाकीट सापडले तर रागाने ते संडासात टाकून देण्याची चूक घरात कोणी करू नये. या गोळ्या डॉक्टर हळूहळू, काही आठवड्यांत आणि कधी काही महिन्यांत, कमी करत आणतात. पुष्कळदा त्यांच्या जागी शरीरात जास्त काळ टिकणारी दुसरी गोळी देऊन तिचे प्रमाण उतरवले जाते. हा हिशेब घरी मांडण्याचा नाही. मात्र डॉक्टरांनी ठरवून दिलेली मात्रा आईने किंवा बाबांनी स्वतःच्या ताब्यात ठेवून वेळच्या वेळी द्यावी, कारण हीच गोळी दारूबरोबर घेतली तर श्वास मंदावतो आणि जीव जाऊ शकतो.

डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत फिट आलीच, तर त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करा आणि १०८ ला फोन करा. हातपाय दाबून धरू नका, दातांत चमचा घालू नका, पाणी पाजू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात जी दोन मिनिटे जातात, ती रुग्णवाहिका बोलावण्यात जायला हवीत.

आता एमडीविषयी. मेफेड्रोन, म्हणजेच एमडी, हे रसायन १९२९ मध्येच प्रयोगशाळेत तयार झाले होते, पण नशेसाठी त्याचा प्रसार या शतकात झाला. भारतात फेब्रुवारी २०१५ मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले. तोवर मुंबईत ‘म्याव म्याव’ या नावाने ते कॉलेजच्या मुलांपर्यंत पोहोचलेही होते. पूर्वीचा गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, परक्या मुलखातून यायचा. एमडी आपल्या अंगणात तयार होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी तुमच्या नाशिकजवळच्या शिंदे गावात त्याचा कारखाना पकडला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यावर छापा घातला. हे सांगण्याचे कारण असे की, पुणे सोडून घरी आणले म्हणजे माल सुटेल, हा आई-बाबांचा हिशेब एकदा चुकलेलाच आहे. निफाडला नेल्यावर तो हिशेब बरोबर येईल असे मानायला काही आधार नाही.

या पावडरीने मेंदूत डोपामिन आणि सेरोटोनिन या आनंद देणाऱ्या रसायनांचा एकदम पूर येतो. माणूस बडबडा होतो, थकवा पळतो, आपण काहीही करू शकतो असे वाटते. नाकाने ओढली तर हा अंमल काही मिनिटांत चढतो आणि तासा-दोन तासांत उतरतो, म्हणून एका रात्रीत पुन्हा पुन्हा पुडी उघडली जाते. तुम्ही वर्णन केलेल्या दोन-दोन रात्रींच्या जागरणाचे कारण हेच आहे. भूक मरते, दातखिळी बसल्यासारखा जबडा आवळला जातो, नाकातून रक्त येते, हृदयाचे ठोके आणि अंगाचे तापमान वाढते. प्रमाण जास्त झाले तर तरुण हृदयही साथ सोडू शकते. पुडीत नेमके काय मिसळले आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते, त्यामुळे काल सोसलेली मात्रा आज सोसेलच असे नाही. काही महिन्यांच्या सेवनानंतर अनेकांच्या मनात संशय घर करतो. कोणीतरी मागावर आहे, घरचेच पोलिसांना सामील आहेत, असे वाटू लागते. भाऊ खिडकीच्या फटीतून सारखा बाहेर पाहत असेल किंवा मोबाइल दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. आणि संशयाने ग्रासलेल्या अशा मुलाला त्याच्याच माणसांनी फसवून गाडीत घालून कोंडले, तर त्याची समजूत पक्की होईल.

एमडी अचानक बंद केल्याने सहसा जिवावर बेतणारा शारीरिक त्रास होत नाही. तिथला धोका मनाचा असतो. उसना उत्साह संपला की मेंदू काही दिवस, काही आठवडे रिताच राहतो. खूप झोप येते, मग कशातच गोडी वाटत नाही, लाज आणि अपराधीपणा दाटून येतो आणि जगण्यात अर्थ नाही असे विचार येतात. अशा अवस्थेतल्या मुलाला तुम्ही कुठे ठेवणार आहात, ते आता पाहा. मामांच्या बागेतली ती खोली मी पाहिलेली नाही, पण द्राक्षाच्या मळ्यावरच्या खोलीत काय असते हे निफाडच्या माणसाला सांगायला नको. फवारणीची औषधे तिथेच ठेवलेली असतात आणि विहीर हाकेच्या अंतरावर असते. मनाने खचलेल्या, एकट्या, बोलायलाही कोणी नसलेल्या तरुणासाठी याहून घातक जागा शोधून सापडणार नाही. तुमच्या राहत्या घरातसुद्धा उंदराचे औषध, कीटकनाशके आणि जास्तीच्या गोळ्या असतील तर त्या आधी हलवा. ‘तुला मरावेसे वाटते का रे?’ असे त्याला सरळ विचारा. असे विचारल्याने तो विचार नव्याने मनात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर होय आले तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही वेगळी राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

पोलिसांच्या भीतीचे म्हणाल, तर ती बाळगण्याची जागा रुग्णालय नव्हे. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात कलम ६४ अ आहे. जो व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी, पालिकेच्या किंवा सरकारमान्य संस्थेत उपचार घ्यायला तयार होतो, त्याला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणात जवळ बाळगण्याच्या गुन्ह्याबद्दल खटल्यापासून हे कलम संरक्षण देते. एमडीच्या बाबतीत हे अल्प प्रमाण म्हणजे २ ग्रॅमपेक्षा कमी. उपचार अर्धवट सोडले तर संरक्षण काढून घेता येते, हेही त्याला सांगून ठेवा. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनांशी संबंधित आजारांचा समावेश आहे आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हा त्या कायद्याने दिलेला हक्क आहे. खरा कायदेशीर धोका निराळा आहे. स्वतःच्या पुडीचा खर्च भागवण्यासाठी ही मुले मित्रांना माल आणून देऊ लागतात. त्यांच्या लेखी ती मदत असते, कायद्याच्या लेखी ती विक्री आहे आणि त्या गुन्ह्यात वरच्या संरक्षणावर भिस्त ठेवता येत नाही. जवळ ५० ग्रॅमहून अधिक सापडले तर किमान शिक्षाच १० वर्षांची आहे. उपचार लांबवण्यात तुमच्या घराला जो धोका आहे, तो हा.

बोभाट्याबद्दल मी एवढेच म्हणेन की, पाटल्या गहाण पडल्या, मामांनी उधारी फेडली, नोकरी सुटली, म्हणजे निम्म्या नात्याला कळून चुकले आहेच. फक्त तुमच्यासमोर कोणी बोलत नाही.

कुठे न्यायचे? सुरुवात जिल्हा रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागापासून करा. गोळ्यांची सवय असल्यामुळे पहिले दिवस डॉक्टर आणि परिचारिका हजर असलेल्या ठिकाणी जाणे श्रेयस्कर ठरेल. एमडीची ओढ मारणारे खास औषध आज उपलब्ध नाही. झोप, नैराश्य, संशय यांवर औषधे दिली जातात आणि मुख्य काम समुपदेशनाचे, दिनक्रम पुन्हा बसवण्याचे असते. त्यासाठी नंतर व्यसनमुक्ती केंद्रात राहण्याचा सल्ला मिळाला तर तो माना. महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. गर्दने मुंबई-पुण्यातली मुले उद्ध्वस्त होत असताना १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केले आणि पु. ल. देशपांडे व सुनीताबाईंनी त्याला आर्थिक बळ दिले. तिथून बरे होऊन बाहेर पडलेल्यांपैकी कित्येक जण पुढे तिथेच कार्यकर्ते झाले. मात्र केंद्राची पाटी लावलेली प्रत्येक जागा चांगली नसते. रात्री चार माणसे पाठवून मुलाला उचलून नेणारी, महिनोन्‌महिने घरच्यांना भेटू न देणारी, मारहाण करणारी, साखळीने बांधणारी ठिकाणेही आहेत. माणसाला साखळीने बांधण्यास २०१७ च्या कायद्याने स्पष्ट मनाई केली आहे. नोंदणी प्रमाणपत्र दाखवा म्हणावे, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात ते विचारावे, राहण्याची खोली आणि स्वयंपाकघर डोळ्यांनी पाहावे. दाखवायला कां-कूं केले तर पाऊल मागे घ्यावे.

लग्नाविषयी मला कठोर बोलावे लागेल. व्यसनी मुलाला सुधारण्यासाठी दुसऱ्याच्या घरातली मुलगी आणायची, तिला आणि तिच्या आईवडिलांना काही कळू द्यायचे नाही आणि उद्या तो पुन्हा घसरला तर ‘तिलाच नवरा सांभाळता आला नाही’ म्हणून मोकळे व्हायचे, हे आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे आणि त्यात किती मुलींची आयुष्ये होरपळली याची गणती नाही. तुम्ही स्वतः कोणाच्या तरी घरची सून आहात. हा एक मुद्दा तुम्ही आई-बाबांपुढे ठामपणे मांडलाच पाहिजे, तुमचे मत कोणी विचारो वा न विचारो. सलग काही महिने उपचार, स्थिर काम आणि स्वतः भावाने मुलीला सगळे खरे सांगण्याची तयारी, एवढे झाल्याशिवाय स्थळ पाहायलाही सुरुवात होऊ नये.

पैशांबाबत आता घर एका शब्दावर आले पाहिजे. जेवण, औषधे, रुग्णालयाची फी, प्रवास हे सगळे घर करेल, पण त्याच्या हातात रोख रक्कम पडणार नाही आणि विकणाऱ्याची उधारी यापुढे कोणी फेडणार नाही. मामांनी प्रेमापोटी पैसे दिले, पण त्या दिवशी विकणाऱ्याला एवढे कळले की या मुलाच्या पाठीशी फेडणारे घर आहे. यापुढे धमकीचे फोन आले तर ते जपून ठेवा आणि वकिलांच्या सल्ल्याने पोलिसांकडे जा. पाटल्या सोडवायच्या असतील तर बाबांनी स्वतः जाऊन सोडवाव्यात.

आता त्याच्याशी बोलायचे कसे, हा प्रश्न उरतो, आणि इथे तुमचे स्थान घरात सर्वांत मोलाचे आहे. त्याने आई-बाबांना नव्हे, तुम्हाला सांगितले. माहेरी जा आणि तो झोपून उठलेला, जेवलेला असेल अशा वेळी त्याला एकट्याला गाठा. नशेत असताना किंवा जागरणाच्या रात्री एक शब्दही बोलू नका. ‘तू आईचे दागिने गहाण टाकलेस, बाबांची मान खाली घातलीस’ अशी सुरुवात झाली की संवाद तिथेच संपतो. हे सगळे तो रोज स्वतःला ऐकवत असतोच. त्याऐवजी असे काही म्हणा : ‘तू मला विश्वासाने सांगितलेस, म्हणून मी आले. त्या गोळ्या एकदम थांबल्या तर फिट येते, असे मला कळले. तुला कोणी कोंडून ठेवणार नाही, तेवढे मी बघते. पण माझ्याबरोबर एकदा डॉक्टरांकडे चल. नंतरचे त्यांच्यासमोर बोलू.’ एमडी कायमची सोडण्याची शपथ मागू नका. देवासमोर हात ठेवायला लावून, गळ्यात माळ घालून घेतलेल्या शपथा ज्याला मनापासून पाळता येतात त्याला बळ देतात, हे मी वारकरी घरांत पाहिले आहे. पण जबरीने घेतलेली शपथ मोडली की तो माणूस उपचारांपासूनही तोंड लपवतो. या घडीला त्याच्याकडून एकच होकार हवा आहे, तपासणीला येण्याचा.

तो येईल, बरा होऊ लागेल आणि कदाचित पुन्हा एकदा घेईलही. या आजारात असे घसरणे वारंवार घडते. त्या दिवशी घरात रडारड किंवा मारझोड न करता दुसऱ्या दिवशी त्याला समुपदेशकाकडे नेता आले, तर आधीचे उपचार वाया जात नाहीत. एक गोष्ट मात्र आतापासून माहीत असू द्या : काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडलेली असते आणि जुन्याच प्रमाणात घेतलेला डोस जिवावर उठू शकतो. गोळ्या, खोकल्याचे कोडीनयुक्त सिरप, ब्राउन शुगर यांबाबत हे विशेष खरे आहे, म्हणून भाऊ याखेरीज आणखी काही घेतो का, हेही विचारून घ्या.

तो यायला नकार देईल, अशी तुम्हाला धास्ती असेल. तरीही थांबून राहू नका. मानसोपचार विभागात रुग्णाशिवाय नातेवाईक एकटे जाऊन बोलू शकतात, आणि त्याच्या मनाविरुद्ध दाखल करण्याची खरोखर गरज असेल तर त्याची कायदेशीर रीत डॉक्टरच सांगतील. जाताना बाबांना सोबत घ्या, कारण फिटविषयीचे बोलणे त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकले तर मळ्याचा बेत मोडायला तुम्हाला भांडावे लागणार नाही. रिकामी पाकिटे, गेल्या महिन्यातल्या जागरणांच्या तारखा जमतील तेवढ्या लिहिलेला कागद आणि त्याचे आधीचे काही औषधोपचार असतील तर त्याच्या चिठ्ठ्या घेऊन ठेवा. आणि मामांना आज संध्याकाळीच फोन करून सांगा की, त्याला ठेवण्यासाठी खोली रिकामी करू नका, पण फवारणीची औषधे कुलपात ठेवा. तो त्यांचा लाडका भाचा आहे, उद्या-परवा स्वतःहून तिकडे जाऊ शकतो.